प्रजाती कशी ठरते, कशी बदलते, कशी टिकते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निसर्गाची आवड असलेल्या कुणालाही कधी ना कधी पडतात असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वर्गीकरण, उत्क्रांती आणि जीवांचं टिकून राहणं हे तीन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच साधी गोष्ट आहे. एका प्रजातीतले कोणतेही दोन जीव तंतोतंत सारखे नसतात. या फरकामुळेच प्रजातींच्या सीमा आखताना अभ्यासकांच्या नाकी नऊ येतात, याच फरकातून नव्या प्रजाती घडतात आणि हा फरक आटत गेला की प्रजाती धोक्यात येते. पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

प्रजाती म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात जास्त वापरात असलेली व्याख्या अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये मांडली. जे जीव निसर्गात आपापसात प्रजनन करतात, ज्यांची पिल्लंही पुढे प्रजनन करू शकतात आणि जे अशा दुसऱ्या गटांत मिसळत नाहीत, त्यांचा गट म्हणजे एक प्रजाती. व्याख्या चांगली आहे, पण सगळीकडे लागू पडत नाही. जिवाणूंमध्ये नर-मादी नसतात, ते एकाचे दोन होतात. लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांवरून कोण कुणाशी जुगत होतं हे कळायला मार्ग नाही. वनस्पती तर सर्रास संकर करतात. त्यामुळे जीवाश्मांसाठी शरीराची ठेवण, जिवाणूंसाठी जनुकांमधलं साम्य, असे निरनिराळे निकष लावावे लागतात. प्रजातीच्या वीसहून जास्त व्याख्या मांडल्या गेल्या आहेत. म्हणून प्रजाती ही कल्पनाच पोकळ आहे असं मात्र समजू नये. दिवस आणि रात्र वेगळी असतातच. संध्याकाळी नेमकी रेघ कुठे मारायची, वाद एवढाच असतो.

एक खुलासा. शालेय पुस्तकांत या गटाला ‘जाती’ आणि त्याच्या वरच्या पायरीला ‘प्रजाती’ म्हणतात. बोलण्यात आणि बातम्यांत मात्र या गटालाच प्रजाती म्हणायची पद्धत रुळली आहे. इथेही तीच ठेवली आहे आणि वरच्या पायरीसाठी ‘जीनस’ हा शब्द वापरला आहे.

घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं. मग ते दोघे एकाच प्रजातीचे का नाहीत?

घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं असतात, गाढवाच्या पेशीत ६२. खेचराच्या वाट्याला ६३ येतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात आणि खेचरात त्या नीट लागत नाहीत. त्यामुळे खेचर कितीही काटक असलं तरी जवळजवळ नेहमीच वांझ राहतं.

वाघ-सिंहाचा संकर पिंजऱ्यात घडवून आणता येतो, पण व्याख्येत ‘निसर्गात’ या शब्दाला वजन आहे. लांडगा आणि उत्तर अमेरिकेतला त्याचा लहान भाऊबंद कोयोट यांचं उदाहरण जास्त अवघड आहे. ते निसर्गातही संकर करतात आणि त्यांची पिल्लं वांझ नसतात. तरीही आकार, कळपाची रीत, भक्ष्याची निवड या बाबतींत दोघांनी आपापली ओळख टिकवली आहे, म्हणून त्यांना वेगळं मानतात. थोडी सरमिसळ होऊनही दोन गट वेगळे राहतात का, हे आज जास्त पाहिलं जातं. माणूसही याला अपवाद नाही. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएतला सुमारे १ ते २ टक्के भाग निअँडरथल या नामशेष झालेल्या माणसांकडून आलेला आहे.

ती बोजड लॅटिन नावं कशासाठी?

एकाच पक्ष्याला चार मुलखांत चार नावं असतात आणि एकच नाव दोन भलत्याच झाडांना लावलेलं असतं, म्हणून. लिनियसच्या आधी युरोपातले अभ्यासक एकेका रोपासाठी लॅटिनमध्ये आख्खं वाक्य लिहीत. स्वीडनच्या या निसर्गअभ्यासकाने दोन शब्दांची पद्धत पक्की केली. वनस्पतींच्या नावांसाठी त्याचं १७५३ सालचं आणि प्राण्यांच्या नावांसाठी १७५८ सालचं पुस्तक आजही आरंभबिंदू मानतात. वाघ पँथेरा टायग्रिस आणि सिंह पँथेरा लिओ, म्हणजे जीनस एक, प्रजाती दोन.

नाव ही खूण असते, वर्णन असेलच असं नाही. नंदनपक्ष्यांपैकी एकाला लिनियसने ‘अपोडा’, म्हणजे पाय नसलेला, असं नाव दिलं. त्या पक्ष्याला चांगले मजबूत पाय असतात. पण व्यापारातून युरोपात पोहोचणारी कातडी पाय कापलेली असत. नियमांप्रमाणे आधी दिलेलं नाव टिकतं, त्यामुळे तो आजही कागदोपत्री बिनपायाचाच आहे.

नवी प्रजाती सापडली हे कोण ठरवतं?

त्यासाठी कुठलंही न्यायालय किंवा मंडळ बसत नाही. अभ्यासक नमुना गोळा करतो आणि संग्रहालयांत जपलेल्या जुन्या नमुन्यांशी तो ताडून पाहतो. मग तो वेगळा का वाटतो याची कारणं मोजमापांसह प्रसिद्ध करतो. एक नमुना त्या नावाचा कायमचा आधार म्हणून जपला जातो. बाटलीतला किंवा टाचणी टोचलेला तो एक जीव म्हणजे त्या नावाचा साक्षीदार. दोनशे वर्षांनी वाद झाला तरी अभ्यासक पुन्हा त्याच्याकडेच जातात. बाकीच्यांना युक्तिवाद पटला तर नाव रुळतं, नाही पटला तर जुन्या एखाद्या नावात विलीन होतं.

पश्चिम घाटातल्या जांभळ्या बेडकाचं उदाहरण मला फार आवडतं. २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस हे नाव दिलं. अंग फुगलेलं, डोकं त्यामानाने इवलंसं, पुढे टोकदार पांढुरकं नाक. आयुष्य जमिनीखाली वाळवी खाण्यात जातं. पावसाच्या तोंडावर प्रजननासाठी थोडेच दिवस तो वर येतो. त्याच्या बेडूकमाशांचं तोंड चूषकासारखं असतं, त्याने ते वाहत्या ओढ्यातल्या खडकाला घट्ट धरून राहतात. डोंगरातल्या लोकांना हा जीव आधीपासून माहीत होता. नवं कळलं ते त्याचं नातं. त्याचे सगळ्यात जवळचे जिवंत भाऊबंद हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत, आणि ते नातं भारत व सेशेल्स एकाच भूखंडाचा भाग होते तेव्हाचं आहे.

जगात एकूण किती प्रजाती आहेत?

नाव मिळालेल्या सुमारे २० लाख. जिवाणू वगळून खऱ्या आकड्याचा अंदाज २०११ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने सुमारे ८७ लाख असा मांडला. इतरांचे अंदाज यापेक्षा बरेच कमी-जास्त आहेत. नाव असलेल्यांमध्ये भुंगेरेच जवळपास ४ लाख आहेत. पक्षी ११ हजारांच्या आसपास.

शाळेत सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल अशा पायऱ्या पाठ केल्या होत्या. त्या बाद झाल्या का?

बाद झाल्या नाहीत, पण त्यांच्याकडे बघण्याची रीत बदलली. पूर्वी दिसण्यावरून गट पाडत. आता विचारतात, यांचा समान पूर्वज कोण आणि तो किती जुना? या प्रश्नाने बरीच उलथापालथ केली. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची (डीएनएसारख्याच एका रेणूची) तुलना केली. जिवाणू समजले जाणारे काही सूक्ष्मजीव मुळात जिवाणू नाहीतच, ही जीवसृष्टीची एक स्वतंत्र शाखा आहे, असं त्यांना दिसलं. तिला आज आर्किया म्हणतात.

डोळ्यांनी दिसणाऱ्या जीवांतही असेच धक्के आहेत. बुरशी आणि अळिंबी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळच्या आहेत. मगरीचे जवळचे नातेवाईक सरडे नसून पक्षी आहेत, आणि पक्षी स्वतः डायनासोरांचीच एक शाखा आहेत. व्हेलचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग पाणघोडा. ‘मासा’ हा तर वंशवृक्षाच्या हिशेबाने एक गटच नाही, कारण फुप्फुसाने श्वास घेणारा फुप्फुसमासा शार्कपेक्षा आपल्याला जवळचा आहे. सारखं पाणी आणि सारखं पोहणं यांतून सारखा आकार घडतो. नातं त्याच्या आत दडलेलं असतं.

डीएनए तपासला की सगळे वाद मिटतात ना?

काही मिटतात, काही नव्याने उभे राहतात. युरोपातलं पिपिस्ट्रेल हे चिमुकलं वटवाघूळ वर्षानुवर्षं एकच प्रजाती मानलं जात होतं. मग ध्वनी टिपणाऱ्या उपकरणांवर लक्षात आलं की काहींचा आवाज ४५ किलोहर्ट्झच्या आसपास आहे आणि काहींचा ५५ च्या. डीएनएने दोन प्रजाती असल्याचं शिक्कामोर्तब केलं. माणसाच्या कानाला ऐकूच न येणारा फरक त्या वटवाघळांना मात्र पुरेसा होता.

जिराफाची गोष्ट उलटी. २०१६ मध्ये जनुकांच्या आधारे जिराफाच्या चार प्रजाती आहेत असं मांडलं गेलं आणि त्यावर भरपूर वाद झाला. कारण किती टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती, असा आकडा डीएनएत कुठेही कोरलेला नाही. निर्णय माणसांनाच करावा लागतो आणि त्याचे परिणाम प्रत्यक्ष असतात. आफ्रिकेतले जंगलातले हत्ती आणि माळरानावरचे हत्ती यांचा लाल यादीत, म्हणजे कुठली प्रजाती किती धोक्यात आहे याच्या जागतिक यादीत, २०२१ मध्ये पहिल्यांदा वेगवेगळा विचार झाला. तेव्हा जंगलातला हत्ती थेट ‘अतिसंकटग्रस्त’ निघाला. आधी दोघांची बेरीज होत होती, त्यात त्याची अवस्था झाकली जात होती.

उत्क्रांती हा ‘फक्त एक सिद्धान्त’ आहे ना?

विज्ञानात सिद्धान्त म्हणजे अंदाज नव्हे. पुराव्यांच्या कसोट्यांवर टिकलेलं स्पष्टीकरण. आणि त्यातून भाकितं करता येतात. मासे पाण्याबाहेर येऊ लागले तो काळ खडकांवरून ठाऊक होता. नील शुबिन हे जीवाश्म-अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब केला की मधला दुवा असेल तर सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुन्या, उथळ प्रवाहांतल्या गाळाच्या खडकांत मिळायला हवा. तसे खडक त्यांनी कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात निवडले आणि अनेक मोहिमांनंतर २००४ मध्ये टिक्टालिक या प्राण्याचा जीवाश्म सापडला. त्याला खवले आणि पर होते, पण मानही होती, आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं होती.

नैसर्गिक निवड प्रत्यक्ष होताना कुणी पाहिली आहे का?

हो, आणि फूटपट्टी लावून पाहिली आहे.

प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांमध्ये डॅफ्नी मेजर नावाचा एक खडकाळ तुकडा आहे, अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्याने १९७३ पासून तिथल्या फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला. पक्षी जाळ्यात धरायचा, पायात रंगीत कडी घालायची, चोचीची लांबी, रुंदी, उंची मोजायची आणि सोडून द्यायचा. त्यामुळे कोण कुणाचं पिल्लू, कोण कधी मेलं, याचा जवळजवळ घरटीनिहाय हिशेब त्यांच्याकडे होता.

१९७७ मध्ये पाऊस पडलाच नाही म्हणायचा. मध्यम आकाराचे जमिनीवरचे फिंच आधी मऊ, बारीक बिया टिपत राहिले. त्या संपल्यावर उरली मोठी आणि कठीण बीजं, त्यांत गोखरूच्या जातीतली काटेरी फळं. जाड चोचीच्या पक्ष्याला ती फोडता यायची. त्याच्याच शेजारचा, चोच जरा बारीक असलेला पक्षी तेच फळ उचलून टाकून द्यायचा. साधारण ८५ टक्के पक्षी मेले. जे उरले त्यांच्या चोचीची सरासरी उंची आधीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त होती आणि त्यांच्या पिल्लांच्या चोचीही तशाच जाड निघाल्या, कारण चोचीचा आकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असतो.

इथे एक बारकावा आहे आणि पुष्कळ गैरसमज त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात. एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. जाड चोचीचे पक्षी आधीपासून त्या थव्यांत होते. दुष्काळाने फक्त कोण उरणार ते ठरवलं. आणि तो निकाल कायमचा नव्हता. १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बेटावर बारीक बियांचं रान माजलं आणि पारडं लहान चोचींकडे झुकलं. २००४-०५ च्या दुष्काळात तर निराळंच घडलं. तोपर्यंत बेटावर मोठ्या फिंचची वस्ती झाली होती आणि कठीण बिया त्यांनी फस्त केल्या, त्यामुळे मध्यम फिंचमधले लहान चोचीवाले तगले. म्हणजे दुष्काळ तोच, पण शेजारी बदलला तर निवडही बदलते.

प्रयोगशाळेतलं उदाहरण हवं असेल तर रिचर्ड लेन्स्की यांचं काम पाहा. १९८८ मध्ये त्यांनी ई. कोलाय जिवाणूच्या १२ वसाहती सुरू केल्या. तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर त्यांतल्या एका वसाहतीने प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लापासूनचं द्रव्य) खायला सुरुवात केली. एरवी ई. कोलायला हे जमत नाही.

मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली, हे खरं का?

नाही. आयुष्यात कमावलेलं शरीर पिल्लांना वारशाने मिळत नाही. ज्यांची मान जन्मतः जरा लांब होती त्यांची पिल्लं जास्त तगली, असं हजारो पिढ्या होत गेलं. ‘गरज पडली म्हणून प्राण्याने बदल करून घेतला’ असं बोलण्यात येतं खरं, पण गरजेमुळे जनुकांत हवा तो बदल घडत नाही. बदल होतात ते आंधळेपणाने. त्यांतले उपयोगी कुठले, ते परिस्थिती ठरवते.

माणूस माकडापासून झाला, तर आज माकडं कशी उरली?

माणूस आजच्या कुठल्याही माकडापासून झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. एका आजीची दोन नातवंडं वेगवेगळ्या गावी नांदतात, त्यांतलं एक दुसऱ्यापासून जन्मलेलं नसतं.

एका प्रजातीच्या दोन प्रजाती कशा होतात?

बहुतेक वेळा आधी वाट अडते. डोंगर उभा राहतो, नदी पात्र बदलते, समुद्र आत शिरतो. दोन्हीकडच्या जीवांत आपापले फरक साठत जातात आणि पुढे कधी समोरासमोर आले तरी जुळत नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी पनामाची चिंचोळी संयोगभूमी साधारण ३० लाख वर्षांपूर्वी पूर्ण झाली आणि दोन महासागर वेगळे पडले. नॅन्सी नोल्टन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या, एकाच पूर्वजाच्या पिस्तूल कोळंब्या आणून त्यांच्या जोड्या लावून पाहिल्या. बहुतेक जोड्यांनी मीलन करण्याऐवजी एकमेकांवर नांग्या वाजवल्या.

वनस्पतींना मात्र भिंत लागतेच असं नाही. युरोपातून उत्तर अमेरिकेत पोहोचलेल्या ट्रॅगोपोगॉन या रानफुलाच्या प्रजातींमध्ये संकर झाला आणि संकराच्या रोपांत गुणसूत्रं दुप्पट झाली. ही रोपं आईबापांच्या प्रजातींशी जुळेनाशी झाली, पण आपापसात छान बिया धरू लागली. १९५० मध्ये अशा दोन नव्या प्रजातींची नोंद झाली. काही मोजक्या पिढ्यांत, माणसाच्या डोळ्यांदेखत.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांचं प्रकरण सुंदर आहे आणि दुःखदही. सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी हे सरोवर कोरडं पडलं होतं. त्यानंतर भरलेल्या पाण्यात सिक्लिडच्या सुमारे ५०० प्रजाती घडल्या. कुणी शेवाळ खरवडणारे, कुणी गोगलगायी फोडणारे, कुणी दुसऱ्या माशांची पिल्लं पळवणारे. माद्या नराच्या रंगावरून आपला जोडीदार ओळखतात. सरोवराचं पाणी गढूळ होत गेलं तसे रंग दिसेनासे झाले आणि काही ठिकाणी वेगळ्या झालेल्या प्रजाती परत एकमेकींत विरघळू लागल्या. त्याच्या जोडीला १९५० च्या दशकात तिथे नाईल पर्च हा शिकारी मासा सोडला गेला. शेकडो प्रजाती नाहीशा झाल्या.

शेवटी निसर्गात ‘बळी तो कान पिळी’ असंच चालतं ना?

असं चालत असतं तर पृथ्वीवर डायनासोर उरले असते आणि मुंग्या संपल्या असत्या. ‘सर्वांत योग्य त्याचा टिकाव’ ही शब्दयोजना हर्बर्ट स्पेन्सरची, १८६४ सालची. डार्विनने ती नंतर उचलली. योग्य म्हणजे त्या वेळी, त्या जागी जास्त संतती मागे ठेवू शकणारा. कधी त्यासाठी ताकद लागते, तर कधी लहान अंग, कमी भूक किंवा चांगला शेजार. रक्त पिणाऱ्या वटवाघळाला दोन-तीन रात्री खायला मिळालं नाही तर ते मरतं. उपाशी परतलेल्याला सोबतची वटवाघळं आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवतात, आणि ज्याने आधी भरवलं असेल त्याला परत मिळण्याची शक्यता जास्त असते. अशी देवाणघेवाणसुद्धा नैसर्गिक निवडीतूनच आलेली आहे.

सीलाकँथ माशासारखे ‘जिवंत जीवाश्म’ बदललेच नाहीत का?

दिसायला फारसे नाही, पण थांबलेही नाहीत. सीलाकँथचा गट ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला असं मानत होते. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एक ताजा मासा मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांच्या नजरेस पडला. पुढे इंडोनेशियात दुसरी प्रजाती मिळाली. या दोन्ही प्रजाती जीवाश्मांतल्या प्रजातींपेक्षा वेगळ्या आहेत. खोल समुद्रातली परिस्थिती फारशी बदलत नसल्याने बाह्य ठेवण तशीच राहिली, एवढंच.

नामशेष होणं नैसर्गिकच आहे. मग एवढी काळजी कशाला?

आजवर होऊन गेलेल्या बहुतेक सगळ्या प्रजाती नामशेष झाल्या आहेत, हे खरं. पाच वेळा तर मोठा संहार झाला. २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा सर्वांत भीषण, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, मेक्सिकोतल्या चिक्शुलुब इथे आदळलेल्या अशनीचा. प्रत्येक वेळी जीवसृष्टी सावरली, पण सावरायला लक्षावधी वर्षं गेली. आजचा प्रश्न वेगाचा आहे. फरकातून निवड व्हायला पिढ्या लागतात आणि आपण पिढ्या मिळूच देत नाही.

दक्षिण आशियातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडाकडे पाहा. आकाशात सतत घिरट्या घालणारा हा पक्षी १९९० च्या दशकापासून पंधरा-एक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटला. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. कारण २००४ मध्ये उलगडलं आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. फिंचच्या थव्यांत जाड चोचीचे पक्षी आधीच हजर होते. गिधाडांत या विषाला पुरून उरणारे पुरेसे पक्षी नव्हते. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला भर काढायलाही सवड मिळाली नाही.

मोठी संख्या हेही कवच नव्हे. उत्तर अमेरिकेत प्रवासी कबुतरं अब्जावधींनी होती. वसाहतींवर धाडी घालून झालेल्या व्यापारी शिकारीत ती काही दशकांत संपली. शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

किती प्राणी उरले तर प्रजाती वाचू शकते?

एकच आकडा नाही. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरचा काळा रॉबिन १९८० मध्ये पाचांवर आला होता आणि त्यांत पिल्लं देणारी मादी एकच. तिची अंडी दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांत उबवून ही प्रजाती वाचवली गेली. आज ते शेकड्यांत आहेत, पण सगळे एकाच जोडीचे वंशज आहेत.

संख्या वाढली म्हणजे फरक परत आला असं होत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातले प्यूमा (मोठ्या रानमांजराची एक प्रजाती) २०-३० वर आले तेव्हा जवळच्या नात्यातल्या प्रजननाची लक्षणं उघड दिसत होती. शेपटीला मुरड, हृदयात दोष, नरांमध्ये वृषण न उतरणं. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या पिढ्यांत हे दोष घटले आणि संख्याही वाढली. आठ प्राण्यांनी आणलेला फरक एवढं करू शकतो. माझ्या मते संवर्धनाच्या बातम्यांत डोकी मोजण्याइतकंच वंशांकडे लक्ष द्यायला हवं.

लाल यादीतले शब्द कशाच्या आधारे ठरतात?

आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६४ पासून ही यादी ठेवते. संख्येतली घट, क्षेत्र किती उरलं, प्रौढ प्राणी किती, असे निकष असतात. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, ८० टक्के घट झाली असेल, किंवा प्रौढ ५० पेक्षा कमी उरले असतील तर ‘अतिसंकटग्रस्त’. ‘माहिती अपुरी’ या वर्गाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण त्याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा होत नाही.

नामशेष प्राणी क्लोन करून परत आणता येतील का?

एकदा प्रयत्न झाला. पिरनीज पर्वतातली बुकार्डो ही रानशेळी २००० मध्ये संपली. शेवटच्या मादीच्या गोठवलेल्या पेशींपासून २००३ मध्ये एक पिल्लू जन्मलं आणि फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांत दगावलं. जगलं असतं तरी ती एकच मादी होती.

जास्त आशा वाटते ती अजून जिवंत असलेल्या प्रजातींच्या बाबतीत. काळ्या पायाच्या फेरेटची (उत्तर अमेरिकेतला मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) आजची सगळी पैदास सात पूर्वजांपासून झालेली आहे. १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या, त्या सातांत नसलेल्या एका मादीच्या पेशींपासून २०२० च्या डिसेंबरमध्ये क्लोन जन्मला. हरवलेला वंश त्यामुळे परत मिळण्याची वाट उघडली.

हवामान बदलतंय, तर प्रजाती उत्क्रांत होऊन जुळवून घेणार नाहीत का?

ज्यांची पिढी लहान आणि संख्या मोठी, त्यांना जमेल. फिनलंडमध्ये एका घुबडात करडा आणि तपकिरी असे दोन रंग आढळतात. हिवाळे सौम्य होत गेले तसं तपकिरी घुबडांचं प्रमाण वाढलं, कारण दोन्ही रंग आधीपासून उपलब्ध होते. हत्तीला पिढी बदलायला दोन-अडीच दशकं लागतात. अशांना उत्क्रांतीपेक्षा सरकायला सलग जंगल जास्त उपयोगी पडेल.

मी अभ्यासक नाही. माझ्या नोंदींचा काही उपयोग होतो का?

होतो. आयनॅचरलिस्ट, ईबर्ड यांसारख्या व्यासपीठांवरच्या नोंदी संशोधनात वापरल्या जातात. फोटो ओळखता येईल असा हवा. झाडाचं फूल, पानाची मागची बाजू, फळ असेल तर तेही. कीटक वरून आणि बाजूने, आणि तो ज्या झाडावर बसला होता ते झाडसुद्धा. बेडूक किंवा रातकिडा असेल तर आवाज टिपा. कधी कधी फोटोपेक्षा तोच जास्त सांगतो. तारीख आणि जागा बिनचूक असू द्या. नेहमीच्या दिसणाऱ्या जीवांच्याही नोंदी करा, कारण ते कधी कमी व्हायला लागले हे पुढे त्यांवरूनच कळतं.

दुर्मीळ प्राण्याच्या घरट्याचं किंवा बिळाचं नेमकं ठिकाण मात्र कुठेही जाहीर करू नका. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्रजातींच्या जागा आपोआप धूसर करतं, पण तोच फोटो लोकेशनसह दुसरीकडे टाकला तर शिकाऱ्यांना नकाशा मिळतो. टाकण्याआधी फोनमधली जागेची माहिती काढून टाका.